लाल ठिपका आणि कोरी फाइल

प्रश्न विचारणारी मुलगी सोलापुरातल्याच एका २० खाटांच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे, जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून वर्ष झालंय. तिचं म्हणणं थोडक्यात असं. त्यांच्याकडे एचआयव्ही किंवा कावीळ ‘बी’ (हिपॅटायटिस ‘बी’) निघालेल्या पेशंटच्या फाइलवर लाल ठिपका लावतात. ठिपका दिसला की दोन-दोन ग्लोव्ह्ज, गॉगल, एप्रन, सगळं बाहेर निघतं. ठिपका नसला की ‘ग्लोव्ह्ज वाया घालवू नका’. पाच दिवसांपूर्वी रक्ताचं सॅम्पल घेऊन झाल्यावर सुईला टोपण बसवताना ती सुई तिच्या बोटात शिरली. फाइलवर ठिपका नव्हता, म्हणून इन्चार्ज सिस्टर म्हणाल्या, ‘काही होत नाही, स्पिरिट लाव.’ तिचे हिपॅटायटिस ‘बी’चे दोन डोस झालेत, तिसरा राहिलाय. तिचे प्रश्न दोन: खरंच काही होत नाही का, आणि स्टँडर्ड प्रिकॉशन्स म्हणजे रोजच्या कामात नेमकं काय करायचं?

माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे, म्हणून ‘तू’ म्हणते. २७ वर्षं वॉर्डात काढली, त्यातली शेवटची बारा इन्फेक्शन कंट्रोल सिस्टर म्हणून. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे, ते रात्री वाचलंस तरी चालेल. पहिल्याचं आत्ता वाच आणि ड्युटी संपायची वाट न बघता उठ.

फाइल कोरी असणं म्हणजे पेशंट निगेटिव्ह असणं नव्हे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ एवढाच, की कुणी तपासणीच केलेली नाही. त्या पेशंटला नीट समजावून, त्याची संमती घेऊन त्याची एचआयव्ही, एचबीएसएजी (कावीळ ‘बी’ची) आणि एचसीव्ही (कावीळ ‘सी’ची) तपासणी करायला तुझ्या डॉक्टरांना सांग. डिस्चार्ज झाला असेल तर फोन करून बोलवा, लोक येतात. तुझ्या स्वतःच्याही तिन्ही तपासण्या आजच हव्यात. आज ‘निगेटिव्ह’ असल्याचा कागद हातात असला तरच पुढे काही निघाल्यास ते या सुईमुळे झालं हे सिद्ध होतं. एचआयव्हीची तपासणी सिव्हिलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही सल्ला-तपासणी केंद्रात, मोफत होते, नावही गुप्त राहतं.

आता तुझ्या बाबतीत सगळ्यात तातडीचं काय, तर तो राहिलेला तिसरा डोस. सगळे एचआयव्हीला घाबरतात. पण लस न घेतलेल्या माणसाला ‘बी’ असलेल्या पेशंटची सुई टोचली तर कावीळ लागण्याची शक्यता शंभरात सहापासून तीसपर्यंत असते. ‘सी’ची शंभरात दोनाच्या आत, आणि एचआयव्हीची हजारात सुमारे तीन. म्हणजे आपण घाबरतो ते नेमकं उलट्या क्रमानं. तुझे दोन डोस झालेत, त्यांनी काही प्रमाणात संरक्षण दिलंही असेल, पण त्यावर विसंबायचं नाही. राहिलेला डोस लगेच घ्यायचा. तो पेशंट ‘बी’ पॉझिटिव्ह निघाला किंवा त्याचा पत्ताच लागला नाही, तर हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) घ्यायचं का ते आजच फिजिशियनना विचार. ते शक्यतो २४ तासांत आणि फार तर सात दिवसांत द्यायचं असतं. तुझा पाचवा दिवस चालू आहे, म्हणून म्हटलं उठ.

एचआयव्हीसाठीच्या पीईपीच्या (संपर्कानंतर लागण टाळण्याच्या) गोळ्या शक्यतो पहिल्या दोन तासांत आणि काही झालं तरी ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, रोज एक याप्रमाणे २८ दिवस. ती वेळ गेली. हे तुझ्यापासून लपवून उपयोग नाही, आणि त्यात तुझ्यापेक्षा ‘काही होत नाही’ म्हणणाऱ्याची चूक जास्त आहे. तरी सिव्हिलच्या एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्ही उपचार केंद्रात, जाऊन डॉक्टरांना भेट. आज, मग सहा आठवड्यांनी, बारा आठवड्यांनी आणि सहा महिन्यांनी तपासणी करायची. तोवर रक्तदान नाही, लग्न झालं असेल तर नवऱ्याला सांगून कंडोम, आणि मधे ताप, अंगावर पुरळ, गाठी असं काही आलं तर अंगावर काढायचं नाही. ‘सी’ला लस नाही, प्रतिबंधक गोळीही नाही. पण लागण झालीच तर वेळेत सापडलेली ‘सी’ आता बहुतेकांची १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरी होते, आणि २०१८ पासून त्या गोळ्या सरकारी कार्यक्रमात मोफत आहेत.

पुढच्या वेळी (ती न येवो) सुई टोचली तर साबण आणि वाहतं पाणी, बस्स. बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही, स्पिरिट किंवा हायपो (हायपोक्लोराइट, ब्लीचचं द्रावण) ओतायचं नाही. जळजळ झाली की औषध लागू पडलं असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात कातडी आणखी सोलवटते, एवढंच होतं.

मीही यातून गेले आहे. नोकरीचं तिसरं वर्ष, मोठ्या वॉर्डात रात्रपाळीला मी एकटी, आणि सुईला टोपण लावताना टोचली. तेव्हाच्या मॅडम म्हणाल्या, ‘पेशंट चांगल्या घरचा आहे गं.’ चांगल्या घरचा! मी त्या शब्दावर विसंबले आणि मग पुढचे तीन महिने रोज रात्री पाठ भिंतीला लावून बसायची. काही झालं नाही. पण मला वाचवलं ते नशिबानं, चांगल्या घरानं नव्हे.

तुझ्या हॉस्पिटलातला लाल ठिपका आणि त्या मॅडमचं ‘चांगलं घर’ ही एकाच जातीची चूक आहे. अमेरिकेत १९८५ च्या सुमारास एड्सच्या धास्तीनं ‘युनिव्हर्सल प्रिकॉशन्स’ आल्या. कारण कुणाच्या रक्तात काय आहे हे तोंडाकडे बघून कळत नाही, हे डॉक्टरांना चटके बसून कळलं होतं. १९९६ मध्ये त्यांचा विस्तार करून ‘स्टँडर्ड’ हे नाव दिलं गेलं. रक्तच नव्हे तर घाम सोडून शरीरातला प्रत्येक स्राव, फाटलेली कातडी, तोंडा-नाकाच्या आतलं अस्तर, सगळंच संसर्गजन्य धरायचं, तेही प्रत्येक पेशंटचं. नगरसेवकाची आई असो की स्टेशनवरून उचलून आणलेला बेवारस. नुकती लागण झालेल्याचा रिपोर्टही काही आठवडे निगेटिव्हच येतो. म्हणजे ठिपक्याच्या पद्धतीत सगळ्यात जास्त विषाणू अंगात असणारा पेशंट बिनठिपक्याचा राहतो आणि तुम्ही उघड्या हातानं त्याचं रक्त काढता.

शिवाय ठिपका कायद्यातही बसत नाही. एचआयव्ही-एड्सचा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार पेशंटची ही माहिती गुप्त ठेवायची, भेदभाव करायचा नाही. त्याच कायद्यानं कर्मचाऱ्यांना सुरक्षेची साधनं, प्रशिक्षण आणि गरज पडल्यास पीईपी देणं हॉस्पिटलवर बंधनकारक केलंय. मालक डॉक्टरांशी बोलताना हा दुसरा भाग आधी सांग. पहिला त्यांना उपदेश वाटेल.

तर मग कशाकडे बघून ठरवायचं? कामाकडे. बीपी, टेंपरेचर, पेशंटला कुशीवर वळवणं, गोळ्या देणं यात रक्त किंवा स्राव नसेल तर ग्लोव्ह्ज लागत नाहीत, स्वच्छ हात पुरतात. रक्त काढणं, व्हेनफ्लॉन (सलाईनसाठी शिरेतली नळी) लावणं, ड्रेसिंग सोडणं, लघवीची पिशवी रिकामी करणं याला ग्लोव्ह्ज, कुणीही पेशंट असो. सक्शन (घशातला स्राव ओढणं), इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणं), डिलिव्हरी म्हणजे रक्त-स्राव उडणारच, तिथे मास्क, डोळ्यांना काहीतरी आणि प्लॅस्टिक एप्रनही. गंमत अशी, की या हिशोबानं गेलं तर तुमच्याकडचे ग्लोव्ह्ज वाचतील. मी बघते ना, सिस्टर बीपीला ग्लोव्ह्ज घालतात, तेच घालून फाइलवर लिहितात, त्याच हातानं मोबाइल कानाला लावतात, आणि प्रसंगी पुढच्या खाटेवर जातात. ग्लोव्ह्जनी कुणाचं भलं झालं? पेशंटचं नाही आणि फोन घरी घेऊन जाणारीचं तर नाहीच. एक पेशंट, एक जोडी, आणि काढल्यावर हात धुणं. बारीक छिद्रं डोळ्यांना दिसत नाहीत.

हात. यावर मी जरा थांबणार आहे, कारण सगळ्या वॉर्डात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात टाळलं जाणारं काम हेच.

जागतिक आरोग्य संघटनेनं पाच वेळा सांगितल्यात. पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाच्या आधी, स्राव लागण्याची शक्यता आली त्यानंतर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि पेशंटच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. हा पाचवा सगळे विसरतात. पेशंटला शिवलंच नाही, नुसती सलाईनची पट्टी सरकवली, खाटेचा कठडा वर केला, मग कशाला? तर त्या कठड्यावर काय काय असतं ते स्वॅब लावून बघितल्यावर कळतं. ‘नंतर’चे बाकीचे दोन सगळे पाळतात, कारण त्यात स्वतःचा जीव असतो. ‘आधी’चे दोन पेशंटसाठी असतात आणि तेच गळतात. माझ्या बारा वर्षांच्या निरीक्षणात हे कधी चुकलेलं नाही.

आता तू म्हणशील, पाणी कुठाय? खरंय. आपल्या गावात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, उजनी धरण भरलेलं असो की नसो. हॉस्पिटलात टँकर, बोअर, गच्चीवरची टाकी आणि बेसिनशेजारी निळं पिंप. त्या पिंपात मग्गा घालून हातावर पाणी घेणं म्हणजे प्रत्येकाच्या हातावरचं सगळं पुढच्याला देणं. पिंप ठेवायचंच असेल तर तळाला तोटी बसवलेलं आणि झाकण असलेलं ठेवा, आणि आठवड्यातून एकदा रिकामं करून घासून वाळवा. ओलसर जागी स्यूडोमोनास नावाचा जंतू आनंदानं राहतो. खरं सांगायचं तर अल्कोहोलचा हँडरब आपल्यासारख्या गावासाठीच आहे. हात डोळ्यांना स्वच्छ दिसत असतील तर तळहातभर हँडरब घेऊन २०-३० सेकंद, सुकेपर्यंत चोळायचा. पाण्याचा थेंब लागत नाही. हात मळलेले, रक्त लागलेले असतील, किंवा पेशंटला जुलाब होत असतील तर मात्र साबण-पाणीच, ४० ते ६० सेकंद. काही जुलाबांच्या जंतूंचे बीजाणू अल्कोहोलला दाद देत नाहीत. अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांच्या बेचक्या राहून जातात. उजव्या हातानं काम करणाऱ्यांचा उजवाच अंगठा राहतो, करून बघ.

आणि तो टॉवेल! सोलापूरच्या टॉवेलचा मलाही अभिमान आहे, माझे सासरे यंत्रमागावरच होते. पण बेसिनच्या खिळ्याला सकाळी आठला अडकवलेला आणि संध्याकाळी चिंब झालेला तो एकच टर्किश टॉवेल माझा २७ वर्षांचा शत्रू आहे. एका हॉस्पिटलात मी तो काढला की दुसऱ्या दिवशी नवा, आणखी जाड टॉवेल यायचा, डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम मागावरून आणलेला. शेवटी आम्ही जुने टॉवेल फाडून वीतभराचे तुकडे केले, ऑटोक्लेव्ह केले (दाबाच्या वाफेनं निर्जंतुक केले), दोन डबे ठेवले. एकातून घ्यायचा, दुसऱ्यात टाकायचा. पेपर नॅपकिनपेक्षा स्वस्त पडलं. साबणाची वडी पाण्यात लिबलिबीत पडून असेल तर तीही नको, जाळीवर ठेवा. लिक्विड सोप संपत आला की त्यात वरून भर घालू नका, बाटली धुऊन वाळवून मग भरा.

बांगड्यांचं बोलायला कुणाला आवडत नाही. नवी नवरी ड्युटीवर येते, हातभर हिरवा चुडा, आणि मी कोण सांगणार काढ म्हणून? मी सांगत नाही. मी तिला हँडरब लावायला लावते आणि मनगट दाखव म्हणते. बांगड्यांखाली हात कोरडाच असतो, तिला स्वतःला दिसतं. मग ती स्वतःच कोपरापर्यंत सरकवते किंवा ड्युटीपुरत्या पर्समध्ये ठेवते. मामा लोकांच्या (वॉर्डबॉयच्या) मनगटावरचे देवाचे दोरे, गंडे यांचंही तेच. दंडावर बांधा म्हटलं तर कुणी रागावत नाही.

सुयांकडे येऊ. टोपण परत लावायचं नाही. सुईमुळे होणाऱ्या किती अपघातांचं मूळ या एका सवयीत आहे ते कुठल्याही कॅज्युअल्टीतल्या सिस्टरला विचार. तुझी सुईही तशीच शिरली. अगदीच वेळ आली तर टोपण ट्रेमध्ये आडवं ठेवून एका हातानं सुईनं उचलायचं, दुसरा हात पाठीमागे. पण अशी वेळ येते ती बहुतेक सुया टाकायचा डबा लांब असल्यामुळे. नर्सिंग स्टेशनवर भिंतीला एकच हब कटर (सुई कापायचं यंत्र) आणि खाट सहा मीटरवर, तर मुलगी टोपण लावणारच. डबा ट्रॉलीवर हवा, सुई काढल्या जागेवरून हात पोचेल इतका जवळ. सुई सिरिंजपासून हातानं सोडवायची नाही. पांढरा डबा तीन चतुर्थांश भरला की बंद. वर दाबून ‘अजून दोन मावतील’ करणाऱ्याचं बोट जातं.

सुई सोडणारी एक असते आणि टोचून घेणारी दुसरीच. एका ठिकाणी (नाव घेत नाही) डिलिव्हरीनंतर चादरींच्या गठ्ठ्यात सुई राहिली. सफाईच्या मावशींनी गठ्ठा छातीशी कवळून उचलला. तेलुगू बोलणाऱ्या, सोलापूरच्या पूर्व भागातल्या, चाळिशीच्या. त्यांनी दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही, कामावरून काढतील म्हणून. हाताला चिंधी गुंडाळून पोछा मारत होत्या. मला कळलं ते चिंधी बघून. सुदैवानं ७२ तास व्हायचे होते. गोळ्या सुरू केल्या, पेशंटचा रिपोर्ट आल्यावर बंदही केल्या. पण त्यांना हिपॅटायटिस ‘बी’ची एकही लस दिलेली नव्हती. ‘स्टाफचं लसीकरण पूर्ण’ असं रजिस्टरला होतं. स्टाफमध्ये मावशी मोजल्याच नव्हत्या. तुझ्याकडे काय आहे ते बघ. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस मावशी, मामा, लॅबचा मुलगा आणि कपडे नेणारा यांनाही. तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांनी अँटी-एचबीएसची (लसीनं तयार झालेल्या अँटिबॉडीची) पातळी तपासायची. दहा किंवा त्याहून जास्त आली की निर्धास्त. तुझीही तेव्हा करून घे.

इंजेक्शनच्या ट्रेकडे बघ. मल्टिडोज व्हायलच्या (अनेक डोस असलेल्या औषधाच्या बाटलीच्या) बुचात एक सुई कायमची खोचून ठेवलेली आहे का? किंवा सलाईनची एक बाटली फ्लशसाठी (शिरेतली नळी धुवायला) दिवसभर, आणि जो येतो तो तिच्यातून ओढतो? ती सुई आधी काढ. वापरलेल्या सिरिंजला नुसती नवी सुई लावून ओढलं तरी मागचं रक्त आत जातं, कारण सिरिंज तीच असते. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात हिपॅटायटिस ‘बी’नं लोक मेले, तेव्हा मुळाशी हेच सापडलं, पुन्हा वापरलेल्या सुया-सिरिंज.  ‘बी’चा विषाणू सुकलेल्या रक्तातही बाहेर सात दिवस तग धरतो. फ्लशसाठी दहा मिलीची अँप्युल, एका पेशंटला एक. आणि ती स्टीलची डबी, सकाळी कापूस स्पिरिटमध्ये भिजवून ठेवलेली? दुपारपर्यंत निम्मं स्पिरिट उडालेलं असतं आणि त्यात दहा जणांची बोटं बुडालेली असतात. कापूस कोरडा ठेवा, लागेल तेव्हा स्पिरिट घाला. कातडीवर ३० सेकंद पुसून ३० सेकंद सुकू द्या. फुंकर मारायची नाही. मारतात म्हणून सांगते.

हायपोक्लोराइटबद्दल आपल्या उन्हाळ्याला धरून बोलायला हवं. एप्रिल-मे मध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसला टेकतो आणि हायपोचा कॅन कुठे असतो? जिन्याखाली, पत्र्याच्या शेडमध्ये, किंवा थेट गच्चीवर. उष्णतेनं आणि उजेडानं त्यातलं क्लोरीन उडतं. मेमध्ये तुम्ही जे ओतता ते बऱ्याचदा नुसतं खारट पाणी असतं. कॅन सावलीत, थंड खोलीत, तारीख बघून. बनवलेलं द्रावण रोज नवं, झाकणाच्या अपारदर्शक बादलीत. प्रमाण लेबल वाचून ठरवायचं. पाच टक्क्यांचं असेल तर एक ग्लास हायपोला चार ग्लास पाणी, दहा टक्क्यांचं असेल तर एकाला नऊ, म्हणजे एक टक्का झालं. मावशींना टक्के सांगू नका, ग्लासावर रंगाची रेघ मारून द्या. आमच्या भिंतीवरचा तक्ता मराठी-इंग्रजीत होता आणि वाचणाऱ्या निम्म्याजणी तेलुगू किंवा कन्नड घरातल्या. चित्रं काढल्यावर चुका कमी झाल्या.

रक्त सांडलं तर आधी पोछा फिरवायचा नाही, ते पसरतं. ग्लोव्ह्ज घालून वर कापूस किंवा जुना कपडा टाकायचा, त्यावर एक टक्का हायपो, निदान दहा मिनिटं थांबायचं, मग उचलून पिवळ्या पिशवीत, आणि जागा पुन्हा पुसायची. थांबायचं म्हणजे थांबायचं. हायपोमध्ये फिनेल, ॲसिड काही मिसळायचं नाही, ॲसिडनं क्लोरीन वायू सुटतो. बंद संडासात मावशी गुदमरल्याचं मी पाहिलंय. कचऱ्याचे रंग तुला शिकवलेच असतील. रक्ताळलेला कापूस पिवळ्यात, आयव्ही सेट आणि ग्लोव्ह्ज लाल, काच निळ्यात, धारदार पांढऱ्या डब्यात, आणि ४८ तासांच्या वर काही साठवायचं नाही. यात गोंधळ एकाच ठिकाणी होतो, ग्लोव्ह्ज पिवळ्यात टाकतात.

हवेतून येणाऱ्या रोगांना हे सगळं पुरत नाही. आपल्या भागात बायका विड्या वळतात, पुरुष यंत्रमागावर. महिनाभराच्या खोकल्याला उत्तर तयार असतं: ‘तंबाखूची धूळ हो सिस्टर’, ‘सुताचा कस्पट जातो’. असेलही. पण दोन आठवड्यांच्या वर खोकला म्हणजे बेडका तपासायचा, आणि तोवर त्या माणसाला साधा मास्क देऊन वेगळ्या, खिडकीजवळच्या बाकावर बसवायचं. एन-९५ तुझ्यासाठी, त्याच्यासाठी नाही. लावल्यावर दोन्ही हात ठेवून फुंकर मारून बघ, कडेनं हवा निसटत असेल तर तो नुसता शोभेला आहे. उन्हाळ्यात ओपीडीची दारं-खिडक्या लावून स्प्लिट एसी चालू करतात. तो बाहेरची हवा आत आणत नाही, आतलीच गार करून फिरवतो, टीबीच्या जंतूंसकट. समोरासमोरच्या दोन खिडक्या आणि एक्झॉस्ट, गरम झालं तरी चालेल. कूलर लावलात तर आठवड्याला पाणी काढून टाकी घासा, नाहीतर डेंग्यूचे डास तुमच्याच वॉर्डात जन्मतात.

नातेवाइकांचं काय करावं, मला अजून नीट जमलेलं नाही. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून जीप भरून येतात, खाटेवरच कडक भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा उघडतात. हाकललं तर भांडण. मी खाटेच्या पायथ्याशी हँडरबची बाटली टांगली आणि घरातल्या एका शहाण्या बाईला ‘तुम्ही लक्ष ठेवा’ म्हणून नेमते. थोडं चालतं.

ऑटोक्लेव्हच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या की सामान निर्जंतुक झालं असं समजू नकोस. रेघा फक्त उष्णता लागल्याचं सांगतात. ड्रम ठासून भरला असेल तर मधल्या गॉजपर्यंत वाफ पोचतच नाही. आणि लघवीची पिशवी जमिनीवर टेकू देऊ नको, मूत्राशयाच्या वरही धरू नको, ट्रॉलीवरून नेताना पेशंटच्या पोटावर तर अजिबात नाही.

मालकांशी बोलताना एकदम सगळं मागू नको. ट्रॉलीवर पांढरा डबा, प्रत्येक खाटेला हँडरब आणि सगळ्यांची लस, या तीन गोष्टी मागितल्या तर देतील. इन्चार्ज सिस्टरांना दुखवू नको. त्यांनाही कुणीतरी तेच शिकवलं असणार, जे मला ‘चांगल्या घराचं’ शिकवलं होतं.

आज सिव्हिलला जाऊन आलीस की सुई टोचल्याची नोंद करायची राहू देऊ नको. तारीख, वेळ, कुठलं काम, कुठलं बोट, कुठली सुई, ग्लोव्ह्ज होते का, पेशंटचा नोंदणी क्रमांक, काय केलं, कुणाला सांगितलं. खाली तुझी सही आणि डॉक्टरांची सही. तुमच्याकडे अपघाताचं रजिस्टरच नसेल, बहुधा नसेलच, तर दोनशे पानी वही घे, पट्टीनं रकाने आख आणि पहिली नोंद तुझी कर.